हिरव्या ओळीखालचे बिघाड

एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातून ऑटोटूल्स ही सोर्सवरून प्रोग्रॅम बांधायची (बिल्डची) जुनी साधनं काढून मेसन हे नवं साधन आणायचं ठरलं, की सुरुवातीला पडदा लाल ओळींनी भरून जातो. नवख्यांना धास्ती असते ती याचीच. हेडर सापडत नाही, फंक्शन सापडत नाही, लायब्ररी सापडत नाही. हे ओरडून सांगणारे बिघाड. नेटाने बसलं की एकेक करत मिटतात. खरी कसोटी लागते ती पडदा हिरवा झाल्यावर. बिल्ड पास, टेस्ट पास, आवृत्ती बाहेर पडलेली, आणि काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं, की अहो, झेडस्टँडर्डने दाबलेल्या फाइली आता उघडत का नाहीत? ती सोय कुणी काढलेली नसते. ती गळून पडलेली असते, आणि पडताना आवाज झालेला नसतो.

मेसनची भाषा एका संध्याकाळी येते. वेळ खातं ते हे गप्प बिघाड शोधणं.

जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना 'ओपन सोर्समध्ये काय करू?' हा प्रश्न असतो. अनेकांची मजल रीडमीतलं स्पेलिंग सुधारण्यापर्यंतच जाते (ऑक्टोबरातल्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमात टी-शर्ट मिळायचे तेव्हा तर झुंडीच यायच्या). त्यापेक्षा सी भाषेतला एखादा मध्यम आकाराचा, वीस-पंचवीस वर्षांचा प्रकल्प धरावा आणि त्याच्या बिल्डमध्ये उतरावं. या कामाला गर्दी नसते, कारण ते कुणालाच नको असतं. आणि ते करताना प्रकल्पातली जवळपास प्रत्येक फाइल नजरेखालून जाते. मित्र विचारणारच: "चाली ऱ्हायनं ना भो, मंग कसाले हात लावस?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं.

बिल्डच्या आज्ञा चालवणारं मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, ही कटकट तेव्हापासूनची. फेल्डमन यांनीच नंतर सांगितलंय, की तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांचं बिघडू नये म्हणून टॅब तसाच राहू दिला. ऑटोटूल्समधलं ऑटोकॉन्फ १९९१चं, डेव्हिड मॅकेन्झी यांचं. त्या काळी सनचं युनिक्स वेगळं, एचपीचं वेगळं, आयबीएमचं वेगळं. कुठल्या यंत्रावर काय आहे याची यादी ठेवण्यापेक्षा यंत्रालाच विचारावं, ही कल्पना झकास होती आणि आजही आहे. पण ज्यांच्यासाठी ते प्रश्न लिहिले, ती यंत्रं बहुतेक भंगारात गेली. प्रश्न मात्र ऑटोकॉन्फ बनवतं त्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये राहिले. त्यात एम-४, शेल, मेक आणि पर्ल या चार भाषांची मिसळ. चारही नीट येणारा माणूस प्रकल्पात एखादाच उरतो, किंवा तोही नसतो. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती २०१२ साली आली, २.७० यायला २०२०चा डिसेंबर उजाडला.

हेही एक वेळ चालवून घेता आलं असतं. पण मधल्या काळात कंपायलर बदलले. कॉन्फिगर तपासणी कशी करतं ते एकदा जवळून पाहू. एखादं फंक्शन आहे का हे पाहायला ते दहा-पंधरा ओळींचा सी प्रोग्रॅम लिहितं आणि कंपाइल करून पाहतं. झाला तर 'आहे', नाही झाला तर 'नाही'. का झाला नाही, हे विचारत नाही. आता १९९०च्या दशकात हाताने लिहिलेल्या कित्येक तपासण्यांमध्ये मेन फंक्शनचा प्रकारच लिहिलेला नसतो, किंवा हेडर न घेता थेट एक्झिट बोलावलेलं असतं. जुने कंपायलर फार तर इशारा देऊन ते खपवून घेत. २०२३चं क्लँग १६ आणि २०२४चं जीसीसी १४ यांनी जाहीर न केलेलं फंक्शन बोलावणं ही चूक ठरवली. म्हणजे फंक्शन यंत्रात आहे, लायब्ररी आहे, सगळं जागेवर आहे. तपासणीचा प्रोग्रॅमच जुन्या वळणाचा म्हणून नापास, उत्तर 'नाही', सोय बंद. आणि कॉन्फिगर शेवटी मजेत शून्य हा एक्झिट कोड देऊन मोकळं. प्रकल्पातली एकही ओळ कुणी बदललेली नसते. 'चाली ऱ्हायनं' हे म्हणूनच पूर्ण खरं नव्हे.

असा गप्पपणा किती महागात पडू शकतो, हे २०२४च्या मार्चमध्ये फाइली दाबणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या प्रकरणात दिसलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (बॅकडोअर) बसवलं होतं. ते उघडणारी एम-४ फाइल गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होती. ऑटोटूल्सच्या टारबॉलमध्ये गिटमध्ये नसलेल्या, यंत्राने बनवलेल्या फाइलींचा ढीग असतोच, त्यामुळे एक जास्तीची कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. त्याच प्रकरणातली दुसरी खोडी तर अगदी एका टिंबाची. सीमेक या आणखी एका बिल्ड साधनाच्या फाइलमध्ये लँडलॉक या सुरक्षा-सोयीची तपासणी होती. तिच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एक पूर्णविराम घुसवलेला. प्रोग्रॅम कधीच कंपाइल होणार नाही, उत्तर कायम 'नाही', सोय कायम बंद. म्हणजे साधन सीमेक असो, मेसन असो की ऑटोकॉन्फ, 'नापास म्हणजे नाही' ही रीत सगळीकडे तीच. मागचं दार शोधलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी, लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा पिच्छा पुरवत. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मेसन आणण्याचं मुख्य कामही त्यांचंच. हा योगायोग असेल, पण आपल्याला तो आवडतो.

साधन बदलणारे आपण काही पहिले नाही. केडीई या लिनक्स डेस्कटॉपने चौथ्या आवृत्तीसाठी ऑटोटूल्स सोडली, आधी एससीकॉन्स हे साधन वापरून पाहिलं आणि २००६ साली सीमेकवर स्थिरावलं. सिस्टमडी २०१७ साली मेसनवर गेलं, क्यूएमयू २०२०च्या अखेरीस, सायपाय २०२२ साली. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १६व्या आवृत्तीत मेसन आलं, पण जुनं कॉन्फिगरही ठेवलं. आणि मराठी वाचकाला जवळची गोष्ट म्हणजे लिनक्सवर देवनागरीची जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझ, ओळी मांडणारं पँगो, अक्षर रंगवणारं कैरो हे सगळे आज मेसनवर बांधले जातात. कैरोची १.१८ ही आवृत्ती २०२३ साली आली ती ऑटोटूल्सशिवायच.

मेसन की सीमेक यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. प्रकल्प सीचा, लिनक्सकडे झुकलेला, अवलंबित लायब्रऱ्या पीकेजी-कॉन्फिगवाल्या असतील तर मेसन. सी-प्लसप्लसचा पसारा, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत काम करणारे बरेच, तर सीमेक. स्वतःचं तिसरंच काही लिहायची हुक्की आली तर दोन दिवस लॅपटॉप बंद ठेवावा. पुढचं सगळं मेसन धरून सांगतो.

पहिलं पाऊल म्हणजे मेसनची फाइल न लिहिणं. आधी जुन्याचा पंचनामा करायचा. कोऱ्या क्लोनमध्ये जुनं बिल्ड चालवायचं, डेस्टडिर देऊन रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायचं आणि चार गोष्टी जपून ठेवायच्या: इन्स्टॉल झालेल्या फाइलींची परवानग्यांसकट क्रमवार यादी, तपासण्यांची उत्तरं ठेवणारी कॉन्फिग डॉट एच, प्रत्येक शेअर्ड लायब्ररीतून बाहेर दिसणाऱ्या चिन्हांची (फंक्शनं वगैरेंच्या नावांची) एनएम डॅश-डीने काढलेली यादी, आणि एका फाइलचं कंपाइल होताना प्रत्यक्ष गेलेली पूर्ण आज्ञा, सगळ्या झेंड्यांसकट (फ्लॅग्ज). हे किमान दोन वेगळ्या लिनक्स वितरणांवर करावं, म्हणजे डेबियन आणि फेडोरा. पुढे मेसनच्या बाजूने याच चार गोष्टी काढून डिफ लावायचा, म्हणजे फरक पाहायचा. तो डिफ रिकामा होईपर्यंत, किंवा त्यातल्या प्रत्येक ओळीला कारण मिळेपर्यंत, काम संपलेलं नसतं. लायब्ररीसाठी अबिडिफ चालवावा. नुसत्या चिन्हांच्या नावांत न दिसणारे स्ट्रक्टमधले बदल तो दाखवतो.

इतिहास वाचायला पूर्ण क्लोन हवा. मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांना डेप्थ १ देऊन क्लोन करायची सवय असते. इथे ती उपयोगाची नाही, कारण 'ही ओळ का आली' हे सांगणारे जुने कमिटच त्यात येत नाहीत. गिटला फिल्टर देऊन ब्लॉब वगळून क्लोन करावा. इतिहास सगळा येतो, फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा उतरतो. मात्र ब्लेम (कुठली ओळ कुणी आणली ते दाखवणारी आज्ञा) चालवाल तेव्हा नेट चालू लागतं, हे लक्षात असू द्यावं.

मग जिच्यावरून कॉन्फिगर बनतं ती कॉन्फिगर डॉट एसी ही फाइल ओळीओळीने वाचायची. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड बागायतीची जुनी पद्धत आहे: नदीवर बंधारा, कालवा, चाऱ्या, आणि कुठल्या फडाला पाणी कधी सोडायचं हे बघणारा पाटकरी. कुठली चारी कोणासाठी आणि कुठली नुसतीच उरलेली, हे कागदावर कमी आणि पाटकऱ्याच्या डोक्यात जास्त. जुन्या बिल्ड फाइलीचं तसंच आहे, फरक एवढाच की तिचा पाटकरी बहुधा दहा वर्षांपूर्वी नोकरी बदलून निघून गेला. तेव्हा प्रत्येक तपासणीसाठी सोर्समध्ये शोध घ्यायचा: हिचं उत्तर कुणी वापरतं का? मोठा वाटा बेवारस निघतो. मेमसेट आहे का, स्ट्रिंग डॉट एच आहे का, हे १९८९च्या सी मानकापासून विचारायची गरज नाही. ते टाकून द्यावं. उलट बाजूही तपासावी: सोर्समध्ये हॅव्ह-ने सुरू होणारी अशी नावं, ज्यांची तपासणी कॉन्फिगरमध्ये कधीच नव्हती किंवा कुणी मागे काढून टाकली. असा कोड वर्षानुवर्षं कंपाइलच झालेला नसतो. त्याला या कामात जिवंत करू नये. नोंद करून बाजूला ठेवावं, नाहीतर एका पॅचमध्ये दोन भांडणं होतात.

आता कॉन्फिग डॉट एच. सगळ्यांत जास्त गप्प बिघाड या एका फाइलीत होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

ऑटोकॉन्फ एखादी गोष्ट सापडली की तिचं नाव १ या किमतीने डिफाइन करतं, आणि नाही सापडली की काहीच करत नाही. मेसनमध्ये हेच लिहायचे तीन मार्ग आहेत आणि तिघांचा अर्थ वेगळा. सेटला खरं-खोटं दिलं, तर खऱ्याला नाव डिफाइन होतं पण किंमत कोरी राहते. सेट-टेन वापरलं, तर खऱ्याला १ आणि खोट्याला शून्य. सेटला थेट १ हा आकडा दिला, तर ऑटोकॉन्फसारखंच. सोर्समध्ये कुठे इफडेफ लिहिलेलं असतं (नाव डिफाइन आहे का एवढंच पाहणारं), कुठे नुसतं इफ (किंमत पाहणारं). वीस वर्षांत अनेक हात लागलेल्या कोडमध्ये दोन्ही असतातच. कोऱ्या किमतीवर नुसतं इफ लावलं तर कंपायलर ओरडतो. ठीक आहे, तो सज्जन बिघाड. पण सेट-टेनने शून्य दिलेलं असेल आणि सोर्समध्ये इफडेफ असेल, तर नाव डिफाइन आहे म्हणून इफडेफ खरं ठरतं. नसलेली सोय 'आहे' होते. तुमच्या यंत्रावर ती सोय असतेच, त्यामुळे तुम्हाला काही दिसत नाही; ते दिसतं दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या सिस्टमवर. म्हणून सुरुवातीला नियम एकच ठेवावा: सापडलं तर १ सेट करायचं, नाही सापडलं तर हात लावायचा नाही. डब्ल्यू-अनडेफ हा इशारा चालू ठेवावा. इफमध्ये अज्ञात नाव आलं की तो सांगतो.

दुसरा सापळा याहून साधा आणि याहून वाईट. जुन्या सोर्स फाइलींच्या डोक्यावर असतं: हॅव्ह-कॉन्फिग-एच डिफाइन असेल तरच कॉन्फिग डॉट एच घ्या. ऑटोटूल्स तो झेंडा आपणहून प्रत्येक कंपाइलला देतात. मेसन देत नाही. परिणामी कॉन्फिग डॉट एच सुंदर तयार होते, आणि एकही फाइल ती वाचत नाही. सगळ्या सोयी बंद, सगळीकडे पर्यायी कोड, आणि बिल्ड पास. उपाय एका ओळीचा आहे: प्रकल्पाच्या आर्ग्युमेंट्समध्ये तो झेंडा घालणं.

तिसरा: ज्या फोल्डरमध्ये आधी जुनं बिल्ड केलं, तिथेच मेसन चालवणं. मेसन स्वतःचं सगळं वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये ठेवतं, पण सोर्सशेजारी जुनी कॉन्फिग डॉट एच पडलेली असते आणि अवतरणचिन्हांतला इन्क्लूड आधी शेजारीच पाहतो. मग तुम्ही मेसनमध्ये काहीही बदला, परिणाम शून्य. गिट क्लीन, एक्स-एफ-डी देऊन, आणि मगच पुढे. (त्याआधी आपली कमिट न केलेली कामं उचलून ठेवावीत, हे सांगायला हवं का? हवं.)

तपासण्यांबद्दल आणखी एक. जीएनयू-सोर्स हे नाव डिफाइन केल्याशिवाय ग्लिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी काही फंक्शनं हेडरमधून दाखवतच नाही. प्रकल्पाला तो झेंडा दिला तरी मेसनच्या तपासण्यांना तो आपोआप जात नाही. त्यांना प्रिफिक्स किंवा आर्ग्समधून वेगळा द्यावा लागतो. सी-मानक ठरवताना नुसतं सी-९९ न लिहिता जीएनयू-९९ लिहावं. नाहीतर एक्स्टेन्शनं जातात आणि स्ट्रडुपसारखी रोजची नावंही दिसेनाशी होतात.

लिंकिंगकडे वळू. लिबटूलमध्ये, म्हणजे ऑटोटूल्समधल्या लायब्रऱ्या बांधणाऱ्या साधनात, 'कन्व्हीनियन्स लायब्ररी' असते, म्हणजे इन्स्टॉल न होणारी, मोठ्या लायब्ररीच्या पोटात अख्खी जाणारी. मेसनमध्ये तिची स्टॅटिक लायब्ररी करून लिंक-विथ लिहिलं, तर लिंकर तिच्यातल्या फक्त गरजेच्या ऑब्जेक्ट फाइली उचलतो. जी फंक्शनं लायब्ररीच्या आत कुणी वापरत नाही, फक्त बाहेरचे लोक वापरतात, ती उडतात. बिल्ड पास, तुटतं ते तुमची लायब्ररी वापरणाऱ्या दुसऱ्याच प्रोग्रॅमचं. इथे लिंक-होल हवं. याच्या बरोबर उलटी चूकही होते. लिबटूलला एक रेगेक्स देऊन ठराविक चिन्हंच बाहेर दाखवायची सोय होती. मेसनमध्ये तसा थेट पर्याय नाही. व्हर्जन स्क्रिप्ट लिहून लिंकरला द्यावी लागते, किंवा दृश्यता हिडन ठेवून हवी ती फंक्शनं खुणेने उघडी करावी लागतात. विसरलात तर घरातली सगळी चिन्हं चव्हाट्यावर येतात, कुणीतरी ती वापरायला लागतं, आणि मग ती परत आत घेता येत नाहीत. पंचनाम्यातली एनएमची यादी या दोन्ही चुका एका डिफमध्ये दाखवते.

आवृत्तीचा आकडा हा तर खास खड्डा. लिबटूलमधले तीन आकडे म्हणजे करंट, रिव्हिजन, एज. लिनक्सवर फाइलीचं नाव बनतं ते करंट वजा एज, मग एज, मग रिव्हिजन असं. लिबटूलला ७:३:२ दिलं असेल तर लायब्ररीच्या नावापुढे ५.२.३ लागतं आणि सोनेम (प्रोग्रॅम चालताना लायब्ररी ज्या नावाने शोधतो त्यातला आकडा) ५. मेसनला आकडा सरळ लागतो, म्हणून व्हर्जन ५.२.३ आणि सोव्हर्जन ५ असं लिहायचं. तेच ७.३.२ उचलून टाकलं, तर सोनेम ७ होतो आणि त्या लायब्ररीवर अवलंबून असलेला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो. मॅकवर आणखी तऱ्हा: तिथे लिबटूल करंटमध्ये एक मिळवतं, म्हणून कंपॅटिबिलिटी ८ आणि करंट व्हर्जन ८.३ असं डार्विन-व्हर्जन्समध्ये वेगळं द्यावं लागतं. प्लगिन असतील तर शेअर्ड-मॉड्यूल वापरावं आणि नावाआधीचं 'लिब' काढावं. प्लगिन चुकीच्या नावाने इन्स्टॉल झालं तर मुख्य प्रोग्रॅम बहुधा तक्रार न करता त्याच्याशिवाय चालू होतो.

आपोआप ठरणाऱ्या गोष्टींतही फरक आहे. ऑटोटूल्स काही न सांगता ओ-२ (ऑप्टिमायझेशन) आणि जी (डीबग माहिती) हे झेंडे देतात. मेसनचा मूळ प्रकार डीबग आहे, म्हणजे ऑप्टिमायझेशन शून्य. सोर्सवरून बांधणारा माणूस म्हणणार, 'नवी आवृत्ती हळू झाली.' प्रोजेक्टच्या ओळीतच डीबगऑप्टिमाइज्ड लिहून टाकावं. ऑटोटूल्स स्टॅटिक आणि शेअर्ड दोन्ही लायब्रऱ्या बांधतात, मेसन फक्त शेअर्ड. डेबियनवर मेसन लायब्ररी आर्किटेक्चरच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवतं, ऑटोटूल्स थेट लिबमध्ये. त्यामुळे जुनी प्रत तिथेच राहते आणि कुठली उचलली जाईल याचा नेम नाही.

टेस्टचं मात्र बरं आहे. ७७ म्हणजे वगळली आणि ९९ म्हणजे गंभीर बिघाड हे ऑटोटूल्समधल्या ऑटोमेकचे संकेत मेसनही पाळतं. पण मेसन टेस्ट एकाच वेळी अनेक चालवतं, आणि प्रत्येकीला मूळ मुदत ३० सेकंदांची. एकाच तात्पुरत्या फाइलीत लिहिणाऱ्या दोन टेस्ट आता एकमेकींच्या पायात येतात, तेही कधीतरीच. त्यांना प्रत्येकी वेगळं फोल्डर द्यावं. एसआरसीडिर हा सोर्सचा पत्ता सांगणारा व्हेरिएबल मेसन देत नाही, तो एन्व्हमधून द्यावा. नाहीतर डेटा फाइल सापडली नाही म्हणून टेस्ट ७७ देऊन वगळली जाते आणि अहवाल हिरवाच राहतो. पास किती, वगळल्या किती, हे दोन्ही आकडे जुन्या अहवालाशी ताडून पाहावेत.

मेसनच्या 'ऑटो' पर्यायांवर आमचा राग आहे. सोय सापडली तर घ्या, नाही तर गप्प बसा: म्हणजे जुन्या घराचं दुखणं नव्या घरात. सीआयमध्ये (बदलागणिक आपोआप चालणाऱ्या तपासणीत) किमान एक काम ऑटो-फीचर्स एनेबल्ड देऊन चालवावं, म्हणजे लायब्ररी नसली की बिल्ड फुटेल. फेडोराची पॅकेज बांधणी हेच करते. आणि एक काम डिसेबल्ड देऊन, म्हणजे सगळ्या सोयी बंद असतानाही कोड कंपाइल होतो का ते कळेल.

भाषांतरांकडे सहसा शेवटी लक्ष जातं आणि आपल्याकडच्या लोकांनी तिकडे आधी पाहावं. जुन्या प्रकल्पांत भाषांची यादी कधी पीओ फोल्डरमधल्या लिंग्वास फाइलीत असते, कधी थेट कॉन्फिगर डॉट एसीत. ती दुसऱ्या जागी असेल तर कॉन्फिगर डॉट एसी उडवताना यादीही उडते. मराठीची पीओ फाइल (भाषांतराचा मजकूर) जागेवर राहते, एमओ (तिचं इन्स्टॉल होणारं रूप) मात्र बनत नाही, आणि प्रोग्रॅम निमूट इंग्रजीत सुरू होतो. शिवाय यंत्रावर गेटटेक्स्ट नसेल तर मेसन एक इशारा देऊन सगळी भाषांतरं सोडून देतं, बिल्ड थांबवत नाही. पंचनाम्यातल्या इन्स्टॉल यादीत लोकेल फोल्डरखाली किती एमओ होत्या ते मोजून ठेवलेलं असेल तर हे लगेच पकडलं जातं. कुणाला अहिराणी भाषांतर जोडायचं असेल तर तिचा आयएसओ कोड एएचआर आहे; लिंग्वासमध्ये तेवढंच लिहायचं. नंदुरबारकडच्या भिलीसाठी बीएचबी, आणि तिचं लोकेल ग्लिबसीमध्ये आहेही.

खान्देशात बसून हे काम करताना यंत्राचे काही हिशेब निराळे पडतात. मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या आसपास असतो. सगळे कोर जुंपले की लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि चार कोरांना दोनपेक्षा जास्त वेळ लागला असं विचित्र चित्र दिसतं. त्या आकड्यांवरून 'मेसन हळू आहे' असा निष्कर्ष काढू नये. मेसनने लिहिलेल्या आज्ञा प्रत्यक्ष चालवणारा निंजा मूळात कोरांच्या संख्येपेक्षा थोडी जास्तच कामं एकदम सोडतो. ४ जीबी मेमरीत प्लसप्लसचा प्रकल्प असेल तर जे-२ (एका वेळी दोनच कामं) द्यावं, आणि बॅकएंड-मॅक्स-लिंक्स १ ठेवावं, कारण मेमरी खातं ते लिंकिंग. आधीचं कंपाइल साठवून पुन्हा वापरणारं सीकॅश इन्स्टॉल असेल तर मेसन ते आपणहून वापरतं.

भारनियमनात डेस्कटॉप मध्येच बंद पडला तर मेक आणि निंजा यांच्यातला फरक उघड होतो. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल डिस्कवर राहते आणि तिची वेळ सोर्सपेक्षा नवी असते. मेक फक्त वेळ बघतं. त्याच्या लेखी काम झालेलं. मग लिंकिंगला 'फाइलीचा प्रकार ओळखता येत नाही' असं काहीतरी येतं आणि माणूस कंपायलरला शिव्या देतो. शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून उडवल्या की बहुतेक वेळा भागतं. निंजा आज्ञा पूर्ण झाल्यावरच स्वतःच्या लॉगमध्ये नोंद करतो. नोंद नसेल तर फाइल कितीही ताजी दिसो, पुन्हा बांधतो. कंपाइलचे झेंडे बदलले तरी तो पुन्हा बांधतो, कारण आज्ञेचा हॅश त्या नोंदीत असतो.

दोन्ही साधनं काही काळ शेजारी-शेजारी ठेवावी लागतात, आणि तो काळ आधीच जाहीर करावा. एक आवृत्ती पुरे. त्या काळात सीआयमध्ये दोन्हींच्या फाइलयाद्यांचा डिफ रोज चालावा, कारण नवी सोर्स फाइल एकीकडे घातली आणि दुसरीकडे विसरली हे हमखास होतं. मेसनमध्ये तारांकन देऊन सगळ्या सोर्स फाइली घेता येत नाहीत, हे मुद्दाम तसं आहे. लांबवत नेलं तर देखभाल दुप्पट होते आणि जुन्याला हात लावायची कुणाची हिंमत उरत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्यांना दोन सांभाळता येतात, त्यांच्याकडे माणसं आहेत.

किमान आवृत्ती ठरवताना स्वतःच्या यंत्रावरची पाहू नये. उबंटू २२.०४ मध्ये मेसन ०.६१ आहे, डेबियन १२ मध्ये १.०. मेसन ०.६२ पासून पायथन ३.७ लागतं, आणि रेड हॅट ८चं मूळ पायथन ३.६ आहे, म्हणजे ०.६१ ही रेष धरली तर बहुतेक जण सामावतात. प्रोजेक्टच्या ओळीत ती लिहिली, की त्यापेक्षा नवी सोय वापरल्यावर मेसन स्वतःच इशारा देतं. पायथनच नको असणाऱ्यांसाठी मेसनच्या जागी सीमध्ये लिहिलेलं म्युऑन आणि निंजाच्या जागी समुराई आहे. पण मेसन फाइलींत अगदी ताज्या सोयी भरल्या तर त्यांची पंचाईत होते.

शेवटचा कमिट फक्त काढून टाकण्याचा असावा. कॉन्फिगर डॉट एसी, सगळ्या मेकफाइल डॉट एएम, एम-४ फोल्डर, ऑटोजेन. त्यात दुसरा काहीही बदल नको, म्हणजे वेळ आली तर उलटवता येईल. टारबॉल मेसन डिस्टने काढावा. तो गिटमधल्या कमिट झालेल्या फाइलींवरूनच बनतो, त्यामुळे टारबॉल आणि टॅग यांची तुलना कुणालाही करता येते. वितरणांच्या पॅकेज सांभाळणाऱ्यांना आवृत्ती येण्याआधी कळवावं आणि पत्रात जुन्या-नव्या पर्यायांचा तक्ता द्यावा: विथ-अमुक म्हणजे आता डी-अमुक एनेबल्ड, असा एकास एक. सिस्टमडीने बदलानंतरही कॉन्फिगर नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवली होती, जी आतून मेसनला बोलावायची. तेवढंही नको असेल तर नव्या आज्ञा छापून शून्य नसलेल्या कोडने बाहेर पडणारी चार ओळींची स्क्रिप्ट ठेवावी. सवयीने कॉन्फिगर चालवणारे पुढे दोन-तीन वर्षं येत राहतात, आणि त्यांना निदान हा बिघाड तरी ऐकू यावा.